पांझरेचा फड आणि पंढरीचा फड



तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लींत वरुणानें आपल्या मुलाला, भृगूला, ब्रह्म शोधावयास लावलें, तेव्हां भृगूच्या हातीं पहिल्यानें लागलें तें अन्न. पुढें तो प्राण, मन, विज्ञान आणि आनंद असा पायरी-पायरीनें वर चढत गेला. पण आनंदापर्यंत पोंचल्यावर तें उपनिषद् संपत नाहीं. ऋषि पुन्हां खालीं उतरतात आणि अन्नाचीं व्रतें सांगतात. अन्नाची निंदा करूं नये, अन्न अव्हेरूं नये, अन्न पुष्कळ करावें, दारीं आलेल्याला माघारी पाठवूं नये. पाठशाळेंत असतां आमचे गुरुजी येथें पाठ थांबवीत आणि विचारीत, “आनंदब्रह्म कळल्यावर पुन्हां अन्न कशाला रे?” आम्ही मुलें गप्प. मग तेच म्हणत, “पोट भरल्यावर शेतकऱ्याची आठवण राहावी म्हणून!” भाष्यांत हा अर्थ सांपडत नाहीं. गुरुजींच्या घरीं कोरडवाहू शेती होती, तेथला हा अर्थ.

यांपैकीं शेवटचें व्रत आपल्या संप्रदायानें जिवापाड सांभाळलें. पंगतींत आलेल्याला जात विचारूं नये, गांव विचारूं नये, पान मांडावें, हें वारकऱ्याला शिकवावें लागत नाहीं. प्रश्न आहे तो तिसऱ्या व्रताचा. अन्न पुष्कळ करावें, हें कोणीं करावयाचें? तें आपण शेतकऱ्यावर सोंपवून मोकळे झालों; आणि वारकरी हाच शेतकरी असल्यामुळें आपण कोणावर काय सोंपविलें हेंही कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

असोद्याच्या सप्ताहांत हा विषय आमच्यापुढें उभा राहिला, म्हणून आज लिहीत आहों. असोदा म्हणजे जळगांवला अगदीं लागून असलेलें गांव. बहिणाबाई चौधरी यांचें हें माहेर. २४ ऑगस्ट १८८० रोजीं येथल्या महाजनांच्या घरांत त्यांचा जन्म झाला. अक्षरओळख नाहीं, लहान वयांत जळगांवच्या चौधऱ्यांकडे लग्न, पुढें वैधव्य, आणि जन्मभर शेत. त्यांच्या तोंडून आलेल्या ओव्या मुलानें, सोपानदेवांनीं, व मावसभावानें टिपून ठेवल्या. बाईंच्या निधनानंतर १९५२ सालीं आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानें त्या छापून निघाल्या. त्यांत पेरणी आहे, कापणी, रगडणी, उपणणी आहे, मोट आहे, जातें आहे. आम्ही कीर्तनकार दृष्टांत शोधीत ग्रंथ चाळतों. त्या माउलीला शोधावा लागला नाहीं, तो तिच्या हाताखालींच होता.

असोद्याचें दुसरें नांव भरताच्या वांग्यानें झालें आहे. पांढुरकें हिरवें, हातभर वाटावें असें तें वांगें, कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजावयाचें, लाकडी बडगींत ठेंचावयाचें, आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खावयाचें. जळगांवच्या या वांग्याला आणि जळगांवच्या केळीला २०१६ सालीं सरकारचें भौगोलिक मानांकन मिळालें. नांवाची राखण झाली ही चांगली गोष्ट आहे. बियाण्याची राखण मात्र घरोघरच करावी लागते.

काल्याचें कीर्तन झालें. पायां पडणाऱ्यांच्या रांगेंत एक म्हातारी बाई होती, सत्तरी उलटलेली. नमस्कार करून ती तेथेंच बसली आणि म्हणाली, “महाराज, माह्या घरात पह्यले सात धान्याचं बी राहे. आता वांग्याचं तेवढं राह्यलं. सून इचारते, आत्या, बी म्हंजे दुकानात भेटते तेच ना?” आणि हंसली. त्या हंसण्यांत तक्रार नव्हती, सुनेची निंदाही नव्हती. आम्ही विचारलें, सात कोणतीं? तिनें बोटांवर मोजलीं: दादर, खरिपाची ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद आणि मठ. दादराचीं कणसें निवडून चुलीच्या धुरावर टांगावयाचीं. मूग-उडीद राखेंत घोळून मडक्यांत भरावयाचें, वर लिंबाचा पाला. वांगें झाडावरच पिवळें होऊं द्यावयाचें आणि मग बी राखेनें चोळून धुवावयाचें. आम्ही काशीहून आणवलेल्या ‘कृषिपराशर’ नांवाच्या संस्कृत ग्रंथांत बीं माघ-फाल्गुनांत गोळा करावें, उन्हांत वाळवावें, भेसळ होऊं देऊं नये, असें सविस्तर सांगितलें आहे. त्या बाईनें तो ग्रंथ पाहिलेलाही नाहीं, आणि ग्रंथकारानें लिहिलें तें अशाच कोणा बाईचें पाहून लिहिलें असावें असें आम्हांस वाटतें.

आतां कोणी म्हणेल, महाराजांना बियाण्याच्या दुकानाचा राग आहे. तसें नाहीं. संकरित बियाण्यानें पीक वाढलें, तें खाऊन आम्हीही जगलों. पण संकरित बियाण्याचा एक धर्म आहे. त्याच्या पिकांतलें बी पुन्हां पेरलें तर तें पहिल्यासारखें उतरत नाहीं. म्हणजे दरसाल दुकान. आपल्या खानदेशाचें पांढरें सोनें जें कापूस, त्यांत २००२ सालापासून बीटी वाण आलें, आणि तें आपल्याकडे संकरित वाणांतूनच विकलें गेलें. पहिलीं वर्षें बरीं गेलीं. बोंडअळीची फवारणी कमी झाली, कित्येकांचीं घरें पक्कीं झालीं. मग गुलाबी बोंडअळी त्याला सरावली, आणि २०१७ सालीं महाराष्ट्रांत तिनें जो घाला घातला तो कपाशीवाल्या कुठल्याही घराला विसरतां येणार नाहीं. त्या वर्षीं ज्याच्या बांधावर तूर होती, एका तुकड्यांत ज्वारी होती, त्याच्या घरीं निदान भाकरी होती. ज्यानें सगळें शिवार कपाशीला दिलें होतें तो धान्यही उसनें आणीत होता.

येथें आम्हांला पांझरेची आठवण होते.

वारींत ‘फड’ म्हणजे काय हें वाचकांना सांगणें नको. पण धुळें जिल्ह्यांत पांझरा नदीच्या कांठीं, आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यांत मोसम व आरम या नद्यांच्या कांठीं, फड हा शब्द दुसऱ्याच अर्थानें चालतो. तेथें फड म्हणजे नदीच्या बंधाऱ्यावर भिजणाऱ्या जमिनीचा एक सलग वांटा. ही पद्धत तीनशें-चारशें वर्षांची जुनी मानतात. नदींत दगडी बंधारा, त्यांतून पाट, पाटाच्या चाऱ्या, आणि उरलेलें पाणी पुन्हां नदीला. भिजणाऱ्या जमिनीचे तीन किंवा चार फड पाडलेले. प्रत्येक शेतकऱ्याचा थोडा थोडा तुकडा बहुधा प्रत्येक फडांत. कोणत्या फडांत यंदां ऊस, कोणत्यांत गहूं-हरभरा, कोणता पड ठेवावयाचा, हें एकटा कोणी ठरवीत नसे. गांवचे पंच पाण्याचा अंदाज घेऊन ठरवीत. एका फडांत सर्वांचें पीक एकच.

ही ‘पीक एकच’ची गोष्ट प्रथम ऐकली तेव्हां आम्हांला ती जुलमाची वाटली. आपल्या रानांत काय पेरावें हेंही दुसऱ्यानें सांगावें? पण त्यांतली मेख एका जुन्या पाटकऱ्यानें समजावून दिली. शेजारीं ऊस आणि आपला हरभरा असला कीं उसाला पाणी लागतें आणि त्याच पाण्यानें हरभरा जळतो. तंटा तेथून सुरू होतो. सर्वांचें पीक एक, तर सर्वांची तहान एक. मग पाळीचा हिशेब सोपा होतो. आणि पाणी शेतकऱ्यानें स्वतः घ्यावयाचेंच नाहीं! पाटकरी एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सगळा फड भिजवीत जाणार. मालक घरीं झोंपला असला तरी त्याचें रान भिजणार. पाटकऱ्यावर हवालदार, पिकाच्या राखणीला जागल्या. यांचा मेहनताना सगळ्यांनीं जमिनीच्या मानानें द्यावयाचा. पाटांतला गाळ काढावयाचा तोही सगळ्यांनीं मिळून. नदीला पाणी कमी असलें तर एकाचें वाळवून दुसऱ्याचें वांचवावयाचें नाहीं. भिजवावयाचे फडच कमी करावयाचे. प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडांत असल्यामुळें तूट सगळ्यांच्या वांट्याला सारखी येते.

आपल्या वारींत याहून काय निराळें आहे? कोणती दिंडी पुढें, कोणती मागें, हें ठरलेलें. श्रीमंताची दिंडी म्हणून पुढें सरकत नाहीं. चोपदारानें दंड उंच केला कीं हजारों टाळ एका क्षणांत थांबतात. मुक्कामाला समाज-आरतीच्या वेळीं सगळे टाळ थांबले तरी ज्या दिंडीची तक्रार असेल ती आपले टाळ वाजवीत राहते. चोपदार तिकडे जातो, तक्रार ऐकतो, आणि निवाडा तेथेंच होतो. कोर्ट नाहीं, कज्जा नाहीं. पांझरेच्या पंचांचें आणि या चोपदाराचें गोत्र एकच आहे. दोन्ही फड एकाच माणसानें बांधले असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्या माणसांनीं महिनाभर रांगेंत चालून पंढरी गांठली, त्यांना पाण्याची रांग अवघड गेली नसेल.

मग हे फड मोडले कां? कारणें अनेक सांगतात. नद्यांवर वरच्या बाजूला धरणें झालीं, खालचे बंधारे कोरडे पडूं लागले. विहिरी झाल्या, त्यांवर विजेचे पंप बसले. उसाचा पैसा दिसला, तेव्हां पड ठेवावयाचा फड डोळ्यांत खुपूं लागला. आमच्या मतें यांतलें विहिरीचें कारण मोठें. ज्याची विहीर झाली त्याला पंचांची गरज उरली नाहीं. तो पाट साफ करावयाला येईना, वर्गणी देईना, आणि त्याला कोणी बोलूंही शकेना. एक गेला, दहा गेले. उरलेल्या गरिबांच्यानें पाटाचा गाळ निघेना. आज कांहीं ठिकाणीं फड अजून भिजतात, पुष्कळ ठिकाणीं नुसता बंधारा उभा आहे. इकडे आमच्या जळगांव जिल्ह्यांत यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यांत प्रत्येकाची विहीर, प्रत्येकाची कूपनलिका झाली, आणि पाणी खोल खोल गेलें. वरून ठिबकची नळी आली ती फार उपकाराची. थोड्या पाण्यांत केळ उभी राहते. पण ठिबकनें वांचलेलें पाणी जमिनींत राहूं द्यावयाचें कीं त्यावर आणखी दोन एकर केळ लावावयाची, हें नळी सांगत नाहीं. तें सांगायला पंच लागतात.

एक गोष्ट झांकून ठेवूं नये. जुनी गांवव्यवस्था गोड होती असें म्हणणारे लोक बहुधा पाटाच्या वरच्या बाजूचे असतात. फडांत ज्याची जमीन होती त्यालाच तो न्याय होता. ज्याची जमीनच नाहीं, जो रात्रभर दुसऱ्याचें पीक राखतो, ज्याला खळ्यावरचें झाडलोटीचें धान्य मिळतें, त्याचें काय? चोखोबा पंढरीच्या महाद्वाराबाहेर उभे राहिले ते याच व्यवस्थेंत. धुळ्याच्या तुरुंगांत १९३२ सालीं विनोबांनीं गीतेवर प्रवचनें केलीं आणि साने गुरुजींनीं तीं लिहून घेतलीं, हें खानदेशाचें भाग्य. त्या गीतेच्या तिसऱ्या अध्यायांतच सांगितलें आहे कीं जो केवळ स्वतःसाठीं रांधतो तो पापच जेवतो. गुरुजींनीं लिहिलेलें कागदावर ठेवलें नाहीं. १९४७ च्या मे महिन्यांत पंढरपुरास उपोषणाला बसून त्यांनीं विठ्ठलाचें मंदिर हरिजनांना मोकळें करविलें. म्हणून फड पुन्हां बांधावयाचा असेल तर भूमिहीन मजुराला त्यांत जागा कोठें, हें आधीं ठरलें पाहिजे. आखाजीला सालदाराचें साल ठरतें, तेव्हां पैशाबरोबर घरापुरतें धान्य ठरविण्याची रीत कित्येक गांवीं होती. तेवढी जरी पुन्हां धरली तरी सुरुवात होईल.

आतां आपल्या स्वयंपाकघराकडे वळूं. कारण वारकऱ्याच्या हातीं धरण नाहीं, बाजारभाव नाहीं. पण पंगत त्याच्या हातांत आहे.

तापीकांठच्या एका गावीं आम्ही सप्ताहाला गेलों होतों. गांवाचें नांव सांगत नाहीं. घरोघर फिरून ज्वारी, गहूं, तूर गोळा केली, पोतीं भरलीं, आणि व्यवस्थापक मंडळींनीं तें सगळें बाजारांत विकून त्या पैशांत मैदा, साखर आणि डब्यांतलें तेल आणलें. शेवटच्या दिवशीं जिलेबी आणि पुऱ्या. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानें आम्हांला बाजूला घेऊन विचारलें, “महाराज, माझी दादर देवाला चालत नाहीं का?” आम्ही त्याच मंडपांत हा प्रश्न सर्वांसमोर ठेवला. तरुण मंडळी चांगली होती, पण त्यांचें उत्तर हिशेबाचें होतें. बाजारचें स्वस्त पडतें, निवडण-टिपण नको, आणि आतां लोकांना भाकरी आवडत नाहीं.

यांतलें तिसरें उत्तर आम्ही मानीत नाहीं. खानदेशांत वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी वाढली तर पंगतींतून कोण उठून जातो? आणि त्या पानाकडे नीट पाहा. बट्टीचा गहूं गांवचा, वरणाची तूर गांवची, वांगें गांवचें, मिरची-लसूण गांवचा, शेंगदाण्याचें तेल गांवच्या घाण्यावर निघूं शकतें. पत्रावळी सातपुड्यांतल्या पळसाच्या पानांच्या. त्या लावणाऱ्या आदिवासी बायांच्या हातीं चार पैसे. मिठावांचून बाहेरचें फारसें कांहीं लागत नाहीं. स्वस्त-महागाचें म्हणाल तर बाजारचा मैदा थोडा स्वस्त असेल. पण त्याचा पैसा गांवाबाहेर गेला तो गेला. गांवच्या तुरीला दिलेला पैसा त्याच वेशीच्या आंत फिरतो, त्यांतूनच पुढल्या सप्ताहाची वर्गणी येते. निवडण-टिपणाची अडचण मात्र खरी आहे, आणि तिचें ओझें बायांवरच पडतें. पुरुषांनीं सुपें हातीं घ्यावींत. हरिपाठ म्हणत धान्य निवडलें तर कांहीं बिघडत नाहीं.

दादरीबद्दल थोडें आणखी सांगावयाचें आहे. हें रब्बीचें पीक. तापीच्या काळ्या गाळाच्या जमिनींत पावसाळ्याची जी ओल राहते तिच्यावर तें येतें. विहिरीचें पाणी मागत नाहीं. दाणा माणसाला, कडबा बैलाला, धसकटें चुलीला. केळीला जितकें पाणी लागतें त्याचा विचार केला तर दादर म्हणजे जवळजवळ निर्जळी एकादशी करणारें पीक! भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, शहरांत ज्वारीचीं बिस्किटें निघालीं. चांगलें आहे. पण जो दादर पेरतो त्याला ती कोण घेणार याची खात्री पाहिजे. सप्ताह, दिंड्या, पुण्यतिथीच्या पंगती, हें गिऱ्हाईक दरसाल ठरल्या तिथीला येणारें. इतकें खात्रीचें गिऱ्हाईक कोणत्या व्यापाऱ्याकडे आहे? पेरणीच्या आधींच गांवच्या भजनी मंडळानें सांगावें कीं एवढी दादर, एवढी तूर आम्ही अमुक भावानें घेऊं. म्हणजे पेरणाऱ्याला धीर येईल.

हें होण्यासारखें आहे, कारण याहून अवघड गोष्टी आपल्याच भागांत झाल्या आहेत. साक्री तालुक्यांतलें बारीपाडा हें आदिवासी गांव. डोंगर उघडे पडलेले, पाणी नाहीं. १९९० नंतरच्या वर्षांत चैत्राम पवार आणि गांवकरी यांनीं मिळून नियम केले. जंगल तोडणाऱ्याला दंड, राखण गांवानेंच करावयाची. शेंकडों हेक्टर रान पुन्हां उभें राहिलें, विहिरींना पाणी आलें. तेथें रानभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा भरते आणि बाया शहरी माणसाला नांवेंही ठाऊक नसलेल्या भाज्या रांधून मांडतात. चैत्रामजींना २०२५ सालीं पद्मश्री मिळाली. अकोले तालुक्यांतल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, शाळा न पाहिलेल्या. त्यांनीं गावरान बियाणें घरांत जपलें, बायांचे गट करून तें वांटलें, आणि २०२० सालच्या पद्मश्रीच्या यादींत त्यांचें नांव आलें. दोघांनींही आधीं पंच जमविले, मग काम झालें.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं दुष्काळांत कोठार उघडलें ही कथा आम्ही शेंकडों वेळां लावली असेल. श्रोते विठू महाराच्या प्रसंगाला डोळे पुसतात. पण कोठारांत धान्य होतें म्हणून तें उघडतां आलें, हें आतां आम्ही त्या आख्यानांत मुद्दाम सांगतों. गांवच्या देवळांत एक कणगी असावी. सुगीला ज्याला जमेल त्यानें त्यांत पायलीभर टाकावें, नडीला मजुरानें लाज न बाळगतां न्यावें, आणि हिशेब फळ्यावर लिहावा. दानपेटीला कुलूप लागतें तसें कणगीलाही लागेल, त्यांत कमीपणा नाहीं.

मुक्ताईची पालखी ज्येष्ठांत कोथळीहून पंढरीला निघते. महिन्याहून अधिक दिवसांची ती वाट, विदर्भ-मराठवाड्यांतून जाणारी. वाटेवरचीं गांवें, ज्यांच्या स्वतःच्या विहिरी त्या दिवसांत तळाला गेलेल्या असतात, तीं आपल्याला पिठलें-भाकरी घालतात. आपण त्यांच्या घरीं जेवून राम राम करून पुढें निघतों. यंदां आमच्या दिंडीनें ठरविलें आहे कीं प्रत्येक वारकऱ्यानें आपल्या घरच्या एका पिकाचें गावरान बी, मूठभर, कापडी पुडींत बांधून बरोबर घ्यावें आणि ज्या घरीं मुक्काम होईल तेथें द्यावें. त्यांच्याकडे कांहीं जुनें बी असेल तर मागून आणावें. पालखीची वेळ आणि पेरणीची वेळ एकच पडते, तेव्हां दिलेलें बी आठवड्या-दोन आठवड्यांत जमिनींत जाईल. पुडीवर गांवाचें नांव, जमीन काळी कीं हलकी, आणि किती पाण्यावर पीक येतें, एवढें लिहावें. लिहितां येत नसेल तर टाळकऱ्यांतल्या एखाद्या शाळकरी मुलाकडून लिहवून घ्यावें. दुकानच्या संकरित पाकिटांतलें उरलेलें बी देऊं नये. तें पुढल्या वर्षीं फसवील. दादर घेणाऱ्यानें ती लगेच पेरूं नये, पाऊस संपेपर्यंत राखेंत घालून, कोरड्या मडक्यांत ठेवावी.